सज्जा म्हणजे नक्की कुठला? आणि त्याची सळई वर की खाली?

नमस्कार मंडळी. लिंटेलच्या, म्हणजे दार-खिडकीवरच्या आडव्या तुळईच्या व्हिडिओखाली तुम्ही सगळ्यात जास्त विचारलंत ते सज्ज्याबद्दल. एक दादा विचारतायत, सज्ज्यावर एसीचं आउटडोअर युनिट ठेवू का. एक ताई विचारतायत, सज्ज्याचं रेलिंग किती उंच लावू. आणि एका काकांनी लिहिलंय, आमचा सज्जा बदलला, आता सातबारा कुठून घ्यायचा. काका, तुमचा सज्जा तलाठ्याचा. त्याचं उत्तर तहसील कचेरीतच मिळेल, माझं काम बांधकामाचं.

बाकीचे अर्थ पटापट बघू. खिडकीवर ऊनपाऊस अडवायला दीड-दोन फूट पुढे काढतात, तो सज्जा. कुणी त्याला छज्जा म्हणतं, एकच. जुन्या वाड्यात सज्जा म्हणजे माणसं उभी राहून रस्ता बघायची ती गॅलरी. पुण्यात विश्रामबागवाड्यासमोर उभं राहून वर बघा, लाकडी सज्जा काय असतो ते कळेल. घराचा स्लॅब भिंतीबाहेर काढला, तर त्यालाही बरेच जण सज्जाच म्हणतात. गृहसज्जा, रंगसज्जा ही सजावट, ती इथे नको. झालं.

आता हे का सांगतेय? कारण मालक म्हणतो "इथे सज्जा काढा", त्याच्या डोक्यात असते कुंड्या ठेवायची, उभं राहायची जागा. मिस्त्री काढतो खिडकीवरचा सज्जा. दोघांच्या वजनाच्या हिशोबात केवढा फरक आहे बघा. घराच्या बाल्कनीला भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला साधारण 300 किलो वजन धरतात. ज्या छपरावर फक्त देखभालीपुरतं चढायचं, त्याला साधारण 75 किलो. खिडकीवरचा सज्जा या दुसऱ्या जातीचा. म्हणून एसीवाल्या दादांना सांगते, युनिट भिंतीला ब्रॅकेट मारून लावा. आणि युनिट बसवायला येणाऱ्या माणसाला सज्ज्यावर उभं करू नका हो. त्याचीही घरी कुणीतरी वाट बघतंय.

आता मुख्य गोष्ट. सज्ज्याची मुख्य सळई वरच्या अंगाला. वरच्या. मी हे प्रत्येक साइटवर सांगते, आणि तरी प्रत्येक साइटवर कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, स्लॅबला खाली असते की." असते. कारण खोलीचा स्लॅब दोन्ही बाजूंनी टेकलेला असतो, तो मधे खाली झुकतो आणि त्याची खालची बाजू ताणली जाते. सज्जा एकाच बाजूने धरलेला असतो.

हे खोडरबर बघा. वरच्या बाजूला पेनने जवळजवळ रेघा मारल्यात. एक टोक चिमटीत धरलं, दुसरं टोक खाली दाबलं. दिसतंय? वरच्या रेघा एकमेकींपासून लांब गेल्या, म्हणजे वर ताण आला. खालची बाजू दबली. काँक्रीट दाब मस्त सोसतं, ताणाला मात्र पटकन तडकतं. म्हणून ताण जिथे, सळई तिथे.

सळई कुठली, हेही बघा. भिंतीतून बाहेर येते ती मुख्य. खिडकीला समांतर धावते ती वाटणीची, ती मुख्य सळईच्या खाली बांधायची. जाड सळया समांतर टाकून बारीक सळया बाहेर काढलेल्या मी पाहिल्यात. तिथे स्टीलचे पैसे पूर्ण गेले, उपयोग शून्य.

आता बांधताना सळई वरच होती, पण काँक्रीट ओतताना? माल टाकणारा माणूस त्या जाळीवरच पाय देतो. सळई दबते, आणि वरून माल पडला की कुणाला काही दिसत नाही. 4 इंच जाडीच्या सज्ज्यात सळई वरून इंचभर खाली आहे असं धरा. म्हणजे तळापासून 3 इंच. पायाखाली आणखी एक इंच दबली की राहिले 2. साधारण एक तृतीयांश ताकद गेली, आणि बाहेरून सज्जा अगदी देखणा! म्हणून जाळीखाली सळईच्याच खुर्च्या, म्हणजे जाळी वर उचलून धरणारे वाकवलेले तुकडे हव्यात, पुरेशा जवळजवळ. चालायला आडवी फळी टाका. आणि माल पडताना तिथे स्वतः उभे राहा. त्या वेळी चहाला जाऊ नका.

एक कमेंट वाचते: "आमच्याकडे खालीच टाकतात, काही होत नाही." होत नाही, कारण काँक्रीट स्वतःच्या जिवावर काही काळ तग धरतं. मग एखाद्या पावसाळ्यात भिंतीच्या कडेला वर बारीक चीर पडते, पाणी आत जातं. सळई खाली असेल तर ती चीर धरून ठेवायला वर काहीच नसतं.

तिसरी बाजू, मागची पकड. सळई वर आहे, पण लिंटेलमध्ये चार बोटंच गेलीय, तर ती उपसून येईल. ती लिंटेलमध्ये पूर्ण आत जाऊन खाली वळलेली हवी. बाल्कनी असेल तर आतल्या स्लॅबमध्ये, बाहेर जितकी काढलीय त्याच्या किमान दीडपट आत, हा साइटवरचा ठोकताळा. नेमकं माप तुमच्या ड्रॉइंगमध्ये बघा. जुन्या वाड्यांचे सुतार हेच करायचे, आतल्या माळ्याच्या तुळया तशाच बाहेर काढून त्यावर सज्जा बसवायचे.

आणि लिंटेलवरची भिंत चढायच्या आधी सज्ज्याचे टेकू काढू नका. त्या भिंतीचं वजनच लिंटेलला मागून दाबून धरतं. मिस्त्रीला टेकूवरच्या साच्याच्या प्लेटा दुसरीकडे न्यायची घाई असते, समजू शकते मी, पण इथे नाही ऐकायचं.

ढाळ बाहेरच्या बाजूला, आणि पुढच्या काठाखाली पाणी तोडायची खाच. नाहीतर पाणी तळाने मागे सरकत भिंतीवर येतं.

ज्यांच्या सज्ज्याला भिंतीलगत वरून चीर दिसतेय, त्यांनी त्यावर सिमेंट फासून रंग देऊ नये. खालून टेकू द्या, खालची ये-जा बंद करा आणि इंजिनिअरला बोलवा. याच आठवड्यात.