गतवैभवाची इंग्रजी: चिनी विद्यार्थी अडतात कुठे?

चिनीभाषकांना इंग्रजी शिकवताना कीर्ती, मानसन्मान आणि गतवैभव यांवरचे वाक्प्रचार सोपे वाटतात. कारण चिनीत त्यांचे जोडीदार तयारच असतात. ‘छंग-यू’ म्हणजे बहुतेक करून चार अक्षरांचे ठरीव वाक्प्रचार. त्यांचा मोठा साठा मुलांना शाळेतच पाठ झालेला असतो. विद्यार्थी वहीत डावीकडे छंग-यू लिहितो, उजवीकडे इंग्रजी, आणि पान भरतं. अर्थ बहुधा बरोबरच असतो. घोळ होतो तो काळात आणि सुरात. तो माणूस आज त्या जागी आहे की नाही, आणि बोलणारा कौतुक करतोय की टोमणा मारतोय, हे त्या वहीत कुठेच येत नाही.

आधी काळाचं पाहू. चिनी क्रियापद काळानुसार बदलत नाही. ‘पूर्वी’ अशा अर्थाचा शब्द घातला की भागतं. म्हणून ‘ही इज व्हेरी फेमस बिफोर’ हे वाक्य हमखास येतं. तुम्ही ते ‘ही वॉज व्हेरी फेमस’ असं दुरुस्त करता आणि तिथेच पुढची चूक पेरता. ‘वॉज फेमस’ म्हटलं की इंग्रज माणूस ‘म्हणजे आता नाही’ असं धरून चालतो.

मग दिवंगत माणसाचं काय? सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस घ्या. काँग्रेसने १९३८ साली चीनला पाठवलेल्या वैद्यकीय पथकातून ते गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. चिनी विद्यार्थ्यांना ते ‘क दीहुआ’ या नावाने माहीत असतात. माणूस गेला म्हणून विद्यार्थी सगळंच भूतकाळात टाकतो: ‘कोटणीस वॉज फेमस इन चायना’. त्याला दोन वाक्यं करायला लावा. ‘कोटणीस वॉज अ डॉक्टर’, आणि ‘ही इज स्टिल फेमस इन चायना’. डॉक्टरकी संपली, कीर्ती चालू आहे. याच उदाहरणावर शब्दयोगींची जोडीही उरकून घ्यावी: ‘फेमस अ‍ॅज’च्या पुढे भूमिका (अ डॉक्टर), ‘फेमस फॉर’च्या पुढे कार्य (हिज सर्व्हिस). ‘फेमस ऑफ’ दिसलं की खोडायचं. ‘द लेट डॉक्टर कोटणीस’ ही गफलत मात्र विद्यार्थ्यापेक्षा आपण मराठी शिक्षकच जास्त करतो. आपण ‘कै.’ कितीही वर्षं लावतो. इंग्रजीत ‘लेट’ अलीकडे गेलेल्या माणसाला शोभतं. आणि पदावरून उतरलेल्या हयात माणसाला ‘फॉर्मर’.

आता सूर. ‘रेस्ट ऑन वन्स लॉरेल्स’ (जुन्या यशावर निवांत बसणं) याचा जोडीदार म्हणून ‘छ लाओबन’ दिला जातो. शब्दशः जुनं भांडवल खाणं. आपल्याकडे मुद्दल खाणं म्हणतात तसंच. ही जोडी चांगली जमते, दोन्हींत टोचणी आहे. ग्रीसमध्ये डेल्फीच्या खेळांत विजेत्याला लॉरेलच्या पानांचा मुकुट मिळे, त्यावरून हा प्रयोग आला. चुका होतात त्या बारीक: ‘लॉरेल’ एकवचनी लिहिलं जातं, किंवा ‘वन्स’ तसंच राहतं. कर्ता ‘शी’ असेल तर ‘हर लॉरेल्स’, ‘दे’ असेल तर ‘देअर लॉरेल्स’. शिवाय हा वाक्प्रचार अजून मैदानात असलेल्यालाच लागतो, म्हणून तो बहुधा इशाऱ्याच्या वाक्यात येतो: ‘वुई कान्ट रेस्ट ऑन अवर लॉरेल्स’. ‘लुक टू युअर लॉरेल्स’ दिसायला त्याचा भाऊ, पण अर्थ वेगळा: प्रतिस्पर्धी मागे लागलाय, जपून राहा.

‘हाओहान बू थी दांगन्येन योंग’, म्हणजे खरा गडी जुना पराक्रम सांगत बसत नाही, ही म्हणसुद्धा विद्यार्थी याच खणात टाकतात. ते चूक आहे. कोणी जुन्या यशाबद्दल विचारलं की चिनी माणूस ती बरेचदा नम्रतेने स्वतःबद्दल म्हणतो. इंग्रजीत तिथे साधं ‘ओह, दॅट वॉज अ लाँग टाइम अगो’ पुरतं.

सगळ्यात जास्त नुकसान करतो तो ‘हॅज-बीन’. विद्यार्थ्याला तो निव्वळ ‘एके काळचा प्रसिद्ध’ वाटतो. प्रत्यक्षात ती शिवी आहे. पाहुण्याची ओळख करून देताना कोणी वापरली तर सभा गार पडेल. ‘पास्ट हिज प्राइम’ही बोचतं. निर्धोक शब्द म्हणजे ‘हेडे’, भरभराटीचा काळ: ‘इन हिज हेडे’ माणसाला चालतं, ‘इन इट्स हेडे’ गिरणीला, नाट्यगृहाला, शहरालाही. ‘फॉर्मर ग्लोरी’ बहुतेक वास्तूंसाठी राखून ठेवा, तेही ‘रिस्टोअर्ड टू इट्स फॉर्मर ग्लोरी’ असं पूर्ण पाठ करवून.

‘थानहुआ ई श्येन’ इथे फसतो तो शिक्षक. थानहुआ म्हणजे रात्री उमलून सकाळी मिटणारं ते फूल, जे आपण कुंडीत वाढवतो आणि ब्रह्मकमळ म्हणतो. (खरं ब्रह्मकमळ हिमालयातलं, ती वनस्पतीच वेगळी.) आपण त्या फुलाची पूजा करतो, शेजाऱ्यांना बोलावतो, त्यामुळे हा वाक्प्रचार गौरवाचा वाटतो. चिनीत तो बहुधा क्षणिक, न टिकलेल्या यशाला लावतात. म्हणून ‘फ्लॅश इन द पॅन’ हीच जोडी योग्य. जुन्या चकमकीच्या बंदुकीत नळीबाहेरच्या पेल्यातली दारू भपकन पेटायची, पण नळीतला बार उडायचाच नाही, तो हा फ्लॅश.

बाकीचं झटपट. ‘अ हाउसहोल्ड नेम’ (घराघरांत माहीत असलेलं नाव) यातलं ‘अ’ गळतं, कारण चिनी ‘जिआ यू हू शिआओ’ला आर्टिकल लागत नाही; ‘हॅज बिकम अ हाउसहोल्ड नेम’ असं अख्खं घोकून घ्या. ‘इन्फमस’चा आघात पहिल्या अक्षरावर, ‘इन-फेमस’ असं म्हणणाऱ्याला अर्थही बहुधा ‘अप्रसिद्ध’ असाच वाटत असतो, कुप्रसिद्ध नव्हे. ‘आय अ‍ॅम ऑनर टू’मध्ये शेवटचा ‘ड’ जातो, कारण मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनीत, अक्षर ‘ड’वर संपत नाही, आधी ‘ऑनर्ड-टू’ जोडून म्हणवून घ्या, मग लिहायला सांगा. आणि ‘थँक यू’ला ‘इट्स माय ऑनर’ नको, ‘माय प्लेझर’ बस्स.

एका ठिकाणी विद्यार्थी तुमच्या पुढे असतात. ‘लूज फेस’ (नाचक्की होणं) हा प्रयोग इंग्रजीने एकोणिसाव्या शतकात चिनीतूनच उचलला. ‘सेव्ह फेस’ (अब्रू राखणं) मात्र पुढे इंग्रजीत घडला. पण चिनीत चेहरा ‘देता’ही येतो, म्हणजे समोरच्याचा मान राखता येतो, म्हणून आमंत्रणात ‘प्लीज गिव्ह मी फेस’ असं वाक्य येतं. ते खोडून ‘आय वुड बी ऑनर्ड इफ यू केम’ लिहायला लावा.