'आम्ही' कोण आणि 'आपण' कोण?

[दृश्य : दुपारची वेळ, पुण्यातलं एक कार्यालय. डब्यांची झाकणं उघडतायत.]

"आम्ही जेवायला चाललोय."
"चला, आपण जेवायला जाऊ या."

पहिलं वाक्य ऐकणारा जागेवरच बसून राहतो. दुसरं ऐकणारा डबा घेऊन उठतो. 'आम्ही'मध्ये ऐकणारा नसतो, 'आपण'मध्ये तो असतो. मराठी घरात वाढणाऱ्या मुलाला हे कुणी समजावून सांगत नाही. "आई, आपण बागेत जाऊ या ना" म्हणणाऱ्या पोराने आईला त्यात आधीच धरलेलं असतं.

हिंदीत या दोन्हींसाठी 'हम'. इंग्रजीतही एकच शब्द. त्यामुळे नोकरीसाठी इथे आलेला हिंदीभाषक 'हम म्हणजे आम्ही' असं पाठ करतो आणि शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्यालाच सांगतो, "आमच्या ऑफिसात एसी फार गार असतो." वाक्यात व्याकरणाची चूक एकही नाही. तरी ऐकणाऱ्याला ते खटकतं, कारण त्याच ऑफिसात रोज बसणाऱ्या त्याला या वाक्याने बाहेर काढलेलं असतं. 'आपल्या ऑफिसात' म्हटलं असतं तर काही वाटलंच नसतं. क्रियापदही इथे मदतीला येत नाही. 'आम्ही जातो', 'आपण जातो', रूप तेच.

[दृश्य : भारताचा नकाशा. दक्षिणेकडची राज्यं एकेक करून उजळतात.]

हा भेद गुजरातीत आहे : 'अमे' आणि 'आपणे'. तेलुगूत 'मेमु' आणि 'मनमु'. तमिळमध्ये 'नांगळ' आणि 'नाम'. मराठी-गुजरातीत तो द्राविडी भाषांच्या शेजारामुळे आला असावा, असं अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. आजच्या कन्नडमध्ये मात्र दोन्हींसाठी 'नावु' हा एकच शब्द उरला आहे. मराठीच्या इतक्या जवळच्या भाषेने जे सोडलं, ते मराठीने रोजच्या बोलण्यात जपलं. मला याचं फार अप्रूप वाटतं.

[दृश्य : अँडीज पर्वतरांगा, दगडी चर्च.]

दक्षिण अमेरिकेतली केचुआ ही इंका साम्राज्याची भाषा. तिचं पहिलं छापील व्याकरण 1560 साली स्पेनमध्ये प्रसिद्ध झालं. लेखक होते धर्मोपदेशक दोमिंगो दे सांतो तोमास. स्पॅनिशमध्ये नसलेला हा भेद त्यांनी त्यात नोंदवला. 'न्योकांचिक' म्हणजे ऐकणाऱ्यासकट सगळे, 'न्योकायकू' म्हणजे त्याला वगळून.

धर्मोपदेशकांसाठी ही बाब महत्त्वाची होती. प्रार्थनेत देवाला 'आमचा पिता' म्हणायचं, तर कुठला प्रत्यय लावायचा? ऐकणारा स्वतः देव आहे, आणि देव काही स्वतःचा पिता नाही. म्हणून केचुआ प्रार्थना 'यायायकू' अशी, ऐकणाऱ्याला वगळून सुरू होते. आता मराठी बायबल उघडा : "हे आमच्या स्वर्गातील पित्या". तिथेही 'आपल्या' नाही, 'आमच्या' आहे. दोन भाषांचा एकमेकींशी काहीही संबंध नाही, तरी दोघींनी एकाच कारणासाठी तीच निवड केली.

[दृश्य : शाळेचं पाठ्यपुस्तक. पहिली पानं.]

संविधानाची उद्देशिका मात्र मला विचारात पाडते. "आम्ही, भारताचे लोक". वर्गात ती वाचणारेही भारताचेच लोक आणि ऐकणारेही. मग 'आपण' का नाही? माझ्या मते, इथे लोक एकमेकांशी बोलत नाहीत. सगळे मिळून जाहीर करतात आणि जगाने ते ऐकावं अशी अपेक्षा असते. पण शेवटी हे संविधान 'स्वतःप्रत' अर्पण केलेलं आहे. घेणारे आणि देणारे एकच. या एका शब्दावर वर्गात अख्खा तास रंगू शकतो.

प्रत्यक्षात तो तास यादी पाठ करण्यात जातो. मूळ सर्वनामं नऊ : मी, तू, तो, हा, जो, कोण, काय, आपण, स्वतः. 'आम्ही' हे 'मी'चं अनेकवचन, 'आपण' आत्मवाचक. परीक्षेला एवढं पुरतं. पण 'आपण' याहून कितीतरी जास्त राबतो. "तो आपण होऊन आला" इथे तो 'स्वतः'. "आपण बसावं" इथे आदराचा 'तुम्ही'. "आपण नाही कुणाला घाबरत" असं कट्ट्यावर छाती काढून म्हटलं, की चक्क 'मी'. आणि सगळ्यात जास्त वेळा तो 'मी अधिक तू' असतो. नेमकं हेच काम तक्त्यात सहसा दिसत नाही.

मराठी मुलांचं यावाचून अडत नाही, परभाषकांचं अडतं. त्यांना तक्ता देण्याआधी प्रसंग द्यावा. वर्गात तिघांना उभं करा. दोघं चहाला निघालेत, तिसरा ऐकतोय. एकदा त्याला सोबत न्यायचंय, एकदा नाही. दोन्ही वेळा वाक्य त्यांना स्वतः बोलू द्या. मग 'आमचा' आणि 'आपला' घ्या : घर, गाव, ऑफिस, सोसायटी. आदराचा 'आपण' नंतर कधीतरी शिकवला तरी चालेल. तोवर 'तुम्ही' म्हणून त्यांचं छान भागतं.