सायकलवरून सरावाला

श्रोतेहो, नमस्कार.

आज फुटबॉलबद्दल बोलणार आहे, पण आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. अमेरिकन फुटबॉल. लांबट चेंडू, हाताने फेकायचा, अंगावर जाऊन आडवं पाडायचं, तोच. माझा मुलगा अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात असतो. उन्हाळ्यात तिकडे गेले होते, तेव्हा तो म्हणाला, आई, चल, इथल्या पॅकर्स संघाचा सराव बघू. मी म्हटलं, सामना दाखव की! तर म्हणाला, सामन्याच्या तिकिटाची प्रतीक्षायादी वर्षानुवर्षांची आहे, सराव मात्र फुकट बघता येतो. फुकट म्हटल्यावर मी लगेच चपला घातल्या.

पॅकर्सचं ग्रीन बे हे गाव तसं लहान. वस्ती 1 लाख 7 हजारांच्या आसपास. आणि तिथल्या लॅम्बो फील्ड या स्टेडियममध्ये माणसं मावतात 81 हजारांवर! ग्रीन बे पॅकर्स हा संघ 1919 सालचा, आणि त्याला कोणी एक धनाढ्य मालक नाही. 5 लाखांहून जास्त भागधारक आहेत. आपल्या सहकारी साखर कारखान्यासारखंच म्हणा ना. फरक एवढाच, की आपल्या सभासदाला दिवाळीला साखर तरी मिळते. इथे लाभांश नाही, शेअरचा भाव चढत नाही, तरी लोक शेअरचा कागद चौकटीत लावून भिंतीवर टांगतात. दर जुलैमध्ये वार्षिक सभाही होते, त्याच स्टेडियमवर. आपल्याकडच्या सभांसारख्या खुर्च्या उडतात का, ते मात्र मी विचारलं नाही.

तर जुलैअखेर सराव शिबिर सुरू होतं. एक गोष्ट लक्षात ठेवा, म्हणजे बाकी सगळं कळेल. शिबिराला खेळाडू येतात 90. ऑगस्टअखेर संघात राहतात 53. पुन्हा सांगते, येतात 90, राहतात 53. त्यामुळे सरावात नावाजलेल्यांकडे बघूच नये. त्यांची जागा पक्की असते. बघायचं ते शेवटच्या रांगेतल्यांकडे.

पहिले काही दिवस अंगावर पॅड नसतात. डोक्याला हेल्मेट, बाकी साधा शर्ट नि अर्धी चड्डी. ऊन अंगवळणी पडावं म्हणून हे. 2001 साली मिनेसोटाच्या संघाचा कोरी स्ट्रिंगर हा धिप्पाड खेळाडू शिबिरातच उष्माघाताने गेला, वय 27. तेव्हापासून ही मंडळी पाण्याच्या बाबतीत फार जपतात. आणि आपल्याकडे? खेळताना पाणी प्यायचं नाही, दम जातो, असं अजून कुठे कुठे मुलांना सांगतात! मी शाळेत खेळाची शिक्षिका होते, मैदानावर कळशी भरून ठेवायचे, आणि त्यावरून बोलणीही खाल्ली आहेत. असो.

आता सायकलींचं सांगते. स्टेडियमपासून सरावाचं मैदान रस्त्यापलीकडे. तिथवर खेळाडू जातात कसे, तर लहान मुलांच्या सायकलींवरून! 1950-60च्या दशकांत, व्हिन्स लोम्बार्डी प्रशिक्षक असताना ही पद्धत पडली, ती अजून चालू आहे. पोरं आपापल्या सायकली घेऊन दाराबाहेर रांग लावतात. खेळाडू सायकल घेतो, हेल्मेट पोराच्या हातात देतो, आणि पोर शेजारून पळतं.

माझी नात सात वर्षांची. जांभळी सायकल, पुढे टोपली, हँडलला घंटी. आम्ही पोचलो उशिरा, त्यामुळे रांगेच्या शेपटाला. नावाजलेले सगळे पुढच्यापुढे सायकली घेऊन गेले. नातीचा चेहरा उतरायला लागला. तेवढ्यात दारातून एक माणूस आला. माणूस कसला, कपाटच! दीडशे किलो सहज असेल. मुलगा माझ्या कानात म्हणाला, आई, 2019 साली ह्यूस्टनच्या संघाचा खेळाडू जे. जे. वॅट इथे दोन्ही संघांच्या संयुक्त सरावाला आला होता, तेव्हा एका मुलीच्या सायकलचं सीट मोडलं होतं त्याने. म्हटलं, अरे, ही चांगली वेळ काढलीस सांगायला!

तो गडी वाकला, नातीला काहीतरी विचारलं, आणि बसला. गुडघे थेट कोपरांना लागले. पेडल मारणं शक्यच नव्हतं. मग जमिनीला पाय रेटत, घंटी वाजवत निघाला! मागचं चाक पार चपटं झालेलं. नात दोन्ही हातांत हेल्मेट कवटाळून पळतेय, आणि मला ओरडून सांगतेय, "आजी, हे खूप जड आहे! आणि आतून वास येतोय!" फाटकाशी त्याने ब्रेक शोधला. हँडलला ब्रेकच नाही, तिकडच्या लहान सायकली पेडल मागे फिरवून थांबवायच्या असतात. शेवटी बूट घासत थांबला. सायकल सलामत. टोपली जरा तिरकी झाली, ती नातीने सरळ करू दिली नाही.

मग आम्ही बाकांवर बसून त्यालाच शोधलं. पण 90 जणांत आकडे पुरत नाहीत, म्हणून एकच आकडा दोघांना देतात, एक आक्रमणात, एक बचावात. नातीने दोघांनाही टाळ्या दिल्या. समोरासमोरच्या झुंजी लागल्या, तेव्हा आमचा गडी दिसला. काम एकच, समोरच्याला आपल्या क्वार्टरबॅकपर्यंत, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यापर्यंत, पोचू द्यायचं नाही. पहिल्या खेपेला समोरचा बगलेतून निसटला. दुसऱ्या खेपेलाही. तिसऱ्या खेपेला मात्र याने त्याला छातीवर घेतला आणि जागचा हलू दिला नाही. नात बाकावर उभी राहून मराठीत ओरडली, "सायकलवाले काका!" शेजारचे आजोबा खेळाडूंच्या यादीत खुणा करत होते. त्यांना काय कळलं कोण जाणे, त्यांनीही टाळी वाजवली.

कोणी जाणार असेल तर टोपी न्या, पाणी न्या, वेळापत्रक आधी बघा, कारण सगळेच सराव लोकांना खुले नसतात. आणि पुन्हा सांगते, शेवटच्या रांगेकडे बघा.

मी परत आल्यावर ऑगस्टअखेर मुलाचा फोन आला. आमचा गडी 53 मध्ये बसला नाही. पण आठवडाभराच्या सरावासाठी संघ वेगळे काही खेळाडू ठेवतो, त्यांत त्याला घेतलं. एवढ्यात नातीने फोन ओढून घेतला. म्हणाली, "आजी, बाबांना सांग ना, पुढच्या वर्षी मला मोठी सायकल पाहिजे, काकांचे गुडघे मावतील अशी."

मुलाने अजून हो म्हटलेलं नाही. नमस्कार.