हाताच्या मापाची पिस्तुलं

नमस्कार श्रोतेहो. शस्त्रांचा इतिहास म्हटला की लढाया आठवतात. आज मात्र मी अशा पिस्तुलांविषयी बोलणार आहे, जी कुणाला मारण्यासाठी घडलीच नाहीत. कागदावरच्या काळ्या वर्तुळाचा मध्य गाठावा, एवढंच त्यांचं काम. स्पर्धेची ही पिस्तुलं संख्येने थोडी, काही तर नमुन्यापुरतीच बनलेली. पण माणसाच्या हाताचा जितका बारीक विचार त्यांच्यात झाला, तितका सैन्याच्या हत्यारांत क्वचितच झाला असेल, असं मला मनापासून वाटतं.

हाताचा विषय निघाला की पहिलं नाव येतं कारोली टाकाच याचं. हंगेरीच्या सैन्यातला हा पट्टीचा नेमबाज. १९३८ साली सरावात हातबॉम्ब फुटला आणि त्याचा उजवा हात, नेमाचाच हात, निकामी झाला. त्याने कुणाला न सांगता डाव्या हाताने सराव सुरू केला आणि पुढच्याच वर्षी जागतिक स्पर्धा जिंकणाऱ्या हंगेरीच्या संघात तो होता. मग महायुद्धामुळे दोन ऑलिंपिक झालीच नाहीत. अखेर १९४८ साली, लंडनमध्ये, रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात त्याने ५८० गुणांचा विश्वविक्रम करून सुवर्णपदक घेतलं. १९५२ साली हेलसिंकीत पुन्हा सुवर्ण.

रॅपिड फायर म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण पुढची सगळी गंमत त्यातच आहे. पंचवीस मीटरवर पाच लक्ष्यं शेजारी शेजारी. नेमबाजाचा हात खाली झुकलेला. इशारा झाला की हात उचलायचा आणि प्रत्येक लक्ष्यावर एक अशा पाच गोळ्या झाडायच्या. आधी आठ सेकंदांत, मग सहा आणि शेवटी चार. गोळी सुटली की पिस्तूल मागे धक्का देतं आणि नळीचं तोंड वर उचललं जातं. ते खाली आणून माशी, म्हणजे पिस्तुलावरची नेम धरायची खूण, पुन्हा जागेवर बसवायची आणि पुढच्या लक्ष्याकडे वळायचं. चार सेकंदांत हे जमवायचं, तर धक्का कमी करण्यावाचून गत्यंतर नाही.

तो कमी कसा करायचा? एक रस्ता म्हणजे काडतूसच हलकं घ्यायचं. म्हणून ‘पॉइंट टू टू शॉर्ट’ हे बुटकं काडतूस या प्रकारात कित्येक वर्षं चाललं. दुसरा रस्ता सोव्हिएत कारागिरांनी शोधला. नळी हाताच्या वर असते म्हणून तोंड वर उडतं ना? मग नळी हाताच्या खाली न्या! १९५०च्या दशकाच्या मध्याला ‘रेकॉर्ड’ नावाचं हे पिस्तूल तयार झालं. बघणाऱ्याला वाटावं, कुणी पिस्तूल उलटं धरलंय. १९५६ साली ते मेलबर्नच्या ऑलिंपिकला पोचलं. सोव्हिएत संघाच्या येवगेनी चेरकासोवला रौप्यपदक मिळालं, सुवर्ण मात्र रुमानियाच्या स्तेफान पेत्रेस्कूने नेलं. तरीही त्यानंतर नियम बदलले आणि उलट्या नळीला बंदी झाली. आजही पंचवीस मीटरच्या पिस्तुलाची नळी, अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्याच्या वरूनच जावी लागते. शिवाय अख्खं पिस्तूल तीस बाय पंधरा बाय पाच सेंटीमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे. ही बंदी योग्यच होती, असं माझं मत आहे. पण ती कल्पना ज्याला सुचली, त्याच्या बुद्धीला माझा नमस्कार.

आता ज्यांच्यासाठी मी हा विषय निवडला, त्या माणसाकडे वळतो. मिखाईल मार्गोलिन. १९२४ साली, अवघ्या अठराव्या वर्षी, कॉकेशसमध्ये लढताना डोक्याला जखम झाली आणि दृष्टी कायमची गेली. हा तरुण पुढे बंदुकांचा रचनाकार झाला. कागदावर रेघ मारता येत नव्हती, म्हणून मेण, लाकूड, धातू यांचे भाग हाताने घडवायचे, बोटांनी चाचपून तपासायचे आणि मापं तोंडी सांगून दुसऱ्याकडून आराखडा काढून घ्यायचा. त्यांचं पिस्तूल पुढे इझेव्हस्कच्या कारखान्यात बनू लागलं. त्यातली एक गोष्ट नीट ऐका. आपोआप भरणाऱ्या बहुतेक पिस्तुलांत गोळी सुटताच वरचा सरकता भाग मागे जातो आणि मागची माशीही त्याच्याबरोबर हलते. मार्गोलिन यांनी मागची माशी एका छोट्या पुलासारख्या पट्टीवर, न हलणाऱ्या सांगाड्याला जोडली. खालून भाग सरकतो, माशी जागची हलत नाही. ज्याला स्वतःला कधी नेम धरता येणार नव्हता, त्याने दुसऱ्याच्या नजरेची इतकी काळजी घेतली! १९५४ साली कराकसच्या जागतिक स्पर्धेत सोव्हिएत नेमबाज मार्गोलिन यांची पिस्तुलं घेऊनच उतरले होते.

पंचवीस मीटरची हीच रेंज आपल्या ओळखीची केली कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी. २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी पंचवीस मीटर पिस्तूलमध्ये सुवर्णपदक जिंकलं. आशियाई स्पर्धेत वैयक्तिक सुवर्ण मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला नेमबाज.

नियमांची कात्री मात्र थांबली नाही. २००५ साली रॅपिड फायरमधून ते बुटकं काडतूस गेलं आणि चाप ओढायला किमान एक किलोचा जोर लागलाच पाहिजे, अशी सक्ती झाली. पन्नास मीटरच्या ‘फ्री पिस्तूल’ला असं बंधन नव्हतं. रशियातल्या ‘तुला’ नावाच्या शहरात बनलेल्या ‘टोझ-३५’ची लाकडी मूठ सगळ्या पंजाला वेढून बसते, चाप काही ग्रॅमच्या स्पर्शाने सुटतो आणि प्रत्येक गोळी हाताने भरावी लागते. पन्नास मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ फक्त पाच सेंटीमीटर रुंद. १९८०च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये अलेक्सांद्र मेलेंत्येव्हने याच पिस्तुलाने सहाशेपैकी ५८१ गुण केले. हा विक्रम मोडायला २०१४ साल उजाडलं. कोरियाच्या जिन जोंग-ओने ५८३ गुण केले आणि त्याच जागतिक स्पर्धेत आपल्या जितू राय यांना रौप्य मिळालं. २०१६च्या रिओनंतर हा प्रकार ऑलिंपिकमधून काढून टाकला. मला तो निर्णय आजही पटलेला नाही. नमस्कार.