शेजारच्याचा श्वास

(दृश्य: अगदी जवळून ओठ. मग रांगच्या रांग फुरफुर करताना.)

निवेदन : ओठ सैल सोडायचे आणि घोड्यासारखी फुरफुर करायची. गाण्याचा एक शब्दही अजून उच्चारलेला नाही. या हौशी गायनवृंदातल्या कुणी दिवसभर वर्गात घसा ताणून शिकवलंय, कुणी हिशेब तपासलेत, कुणी आज कुणाशीच बोललेलं नाही. असे गळे थेट वरच्या सुरात नेले तर दुखावतात. ओठ अर्धवट मिटलेले असले, की हवेचा थोडा दाब उलटा स्वरतंतूंपर्यंत पोहोचतो आणि ते एकमेकांवर जोरात आपटत नाहीत. दर आठवड्याची तालीम इथूनच सुरू होते. नव्याने आलेल्या माणसाची भीडही इथेच मोडते.

(दृश्य: अर्धवर्तुळात उभे चार गट.)

निवेदन : बायकांमध्ये उंच आवाज सोप्रानोचा, त्याखाली आल्टो. पुरुषांमध्ये वर टेनर, तळाशी बेस. गाणं हा यांच्यापैकी कुणाचाच पोटापाण्याचा उद्योग नाही. या वृंदात यायला आवाजाची चाचणीही द्यावी लागत नाही. अनेकांना स्वरलेखन वाचता येत नाही. ते आपला भाग फोनवर ऐकून ऐकून पाठ करतात.

संचालिका एका वेळी एकाच गटाला घेतात. दोन ओळी, पुन्हा त्याच दोन ओळी. बाकीचे तीन गट तेवढा वेळ गप्प. हा वेळ वाया जात नाही. टेनर काय गातोय हे कानात बसलं नसेल, तर आपला सूर कशावर टेकवायचा, हे आल्टोला कळणार नाही.

(दृश्य: 'आ' म्हणणारे चेहरे, एकापाठोपाठ एक.)

निवेदन : आता फक्त 'आ'. हे चेहरे बघा. कुणाचा 'आ' रुंद, कुणाचा उभा, कुणाचा दातांमागेच अडकलेला. सगळ्यांचा स्वर एकच आहे, तरी ऐकताना तो फाटल्यासारखा वाटतो, कारण तोंडाचा आकार बदलला की त्याच स्वरातले वेगळे उपस्वर, म्हणजे मूळ सुराबरोबर उमटणारे बारीक सूर, पुढे येतात. मग सगळ्यांनी एकमेकांकडे बघत आकार जुळवायचा. चांगला आवाज असलेल्यालाही इथे थोडं मागे यावं लागतं. या खोलीत एकच नियम आहे : शेजारचा ऐकू येत नसेल, तर तुम्ही मोठ्याने गाताय.

(दृश्य: लांबलेला स्वर. कॅमेरा सावकाश रांगेवरून सरकतो. मूळ आवाज, निवेदन नाही.)

निवेदन : हा स्वर एका दमात कुणालाच पेलणारा नव्हता. तरीही तो कुठे तुटला नाही. दुसऱ्या रांगेत नीट बघा : डावीकडच्या आजींनी श्वास घेतला, तेव्हा शेजारची मुलगी गात होती. तिचा दम संपत आला, तोवर आजी परतल्या होत्या. शब्दाच्या मधेच, हळूच थांबायचं, दम भरायचा आणि हलक्या आवाजात पुन्हा सुरात शिरायचं. शेजारी थांबला की आपण थांबायचं नाही, एवढंच पाळायचं. सांगायला सोपं आहे. अंगवळणी पडायला अनेक आठवडे लागतात. त्यासाठी शेजारच्याचा दम किती पुरतो, तो कुठे दमतो, आज त्याला सर्दी आहे का, हे सगळं माहीत असावं लागतं. वृंदातली मैत्री म्हणतात ती आधी इथे होते. एकमेकांची नावं पाठ व्हायच्या आधीच.

(दृश्य: संचालिका कीबोर्डची एक पट्टी दाबतात. हशा.)

निवेदन : गाणं संपलं तेव्हा सगळा वृंद एकजुटीने अर्धा सूर खाली आलेला होता! साथीशिवाय गाताना हे अनेकदा घडतं. थकलेला श्वास हे एक कारण. दुसरं कानाचं. गळा कानाला नैसर्गिक वाटणाऱ्या गांधाराकडे झुकतो, आणि तो कीबोर्डवरच्या गांधारापेक्षा किंचित उतरलेला असतो. एका अर्धस्वराचे 100 भाग केले, तर साधारण 14 भागांनी. असे छोटे छोटे उतार साठत जातात. मात्र उतरताना कुणी एकटं पडलं नाही, म्हणून संचालिकाही हसताहेत. पुन्हा पहिल्यापासून!

(दृश्य: हातात वह्या, खांद्यावर हात, गप्पा.)

निवेदन : स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवून दिलं, की एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके एकाच वेळी जलद आणि एकाच वेळी संथ होऊ लागतात. श्वास आत घेताना ठोके वाढतात, सोडताना उतरतात, आणि मघासारखे लांबलेले स्वर सोडले, तर गाण्याच्या ओळी सगळ्यांना एकाच ठिकाणी श्वास घ्यायला लावतात. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2015 मध्ये प्रौढांच्या वर्गांचा सात महिन्यांचा अभ्यास मांडला. काही वर्ग गाण्याचे होते, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे. शेवटी सगळ्याच वर्गांतली माणसं एकमेकांच्या जवळ आली होती, पण गाणाऱ्यांमधली जवळीक पहिल्या महिन्यातच वाढलेली होती.

मार्च 2020 मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, अशाच एका हौशी वृंदाच्या तालमीनंतर 61 पैकी 53 जण कोरोनाने आजारी पडले आणि दोघे दगावले. मग जगभरच्या तालमी थांबल्या. इंटरनेटवर आवाज उशिरा पोहोचतो, त्यामुळे प्रत्येकाला एकेकटंच गावं लागलं.

(दृश्य: रंगमंच, टाळ्या. काही क्षण.)

निवेदन : कार्यक्रम छान झाला.

(दृश्य: पुन्हा तालमीची खोली. दारात एक नवा माणूस.)

निवेदन : पुढच्या आठवड्याची तालीम. टेनरमध्ये जागा आहेत. हौशी वृंदांत पुरुषांचे आवाज बहुधा कमीच पडतात. हे आज पहिल्यांदाच आलेत. आपल्याला गाता येत नाही, असं दारातच सांगून झालंय. संचालिकांनी त्यांना दोन जुन्या टेनरांच्या मधे उभं केलंय. आज त्यांनी फक्त ऐकायचं आणि जिथे जमेल तिथे सामील व्हायचं. ओठ सैल सोडून झालेत. आता 'आ'.