हार्लेममधली बारी

(काळा पडदा. कॅसेट सुरू केल्याचा खट्ट आवाज. मग गर्दीचा कल्लोळ.)

हा गलका डिसेंबर १९८१ मधला आहे. न्यू यॉर्कच्या हार्लेम वस्तीत, ११६व्या रस्त्यावर 'हार्लेम वर्ल्ड' नावाचा क्लब होता. नाताळाच्या सुमारास तिथे रॅपरांचा सामना भरला होता, आणि माईक होता बिझी बी स्टारस्कीच्या हातात.

बिझी बी म्हणजे गर्दीचा लाडका. तो हाक घालायचा, लोक ओ द्यायचे. 'तुमची रास कोणती?' असं विचारलं की हॉलभर राशींची नावं घुमायची. मध्येच 'बा-डिडी-बा' अशी अर्थ नसलेली लकेर, की पाय आपोआप हलायला लागायचे. रॅपचा जन्मच मुळी नाचाच्या पार्टीतला. १९७३ पासून न्यू यॉर्कच्याच ब्राँक्स भागात डीजे कूल हर्क रेकॉर्डी वाजवायचा, आणि माईकवाल्याने बघायचं ते एवढंच की नाच थांबता कामा नये. बिझी बी या कामात वाकबगार होता. अनोळखी माणसांनी भरलेल्या हॉलकडून एका दमात ओ मिळवणं ही मोठी विद्या आहे, असं मी मनापासून मानतो.

त्याचं झाल्यावर कूल मो डी पुढे आला. खरं नाव मोहनदास डुवीज. हो, मोहनदासच. 'ट्रेचरस थ्री' या त्रिकुटातला विशीच्या आसपासचा पोरगा. झपाट्याने म्हटलेल्या, एकात एक गुंफलेल्या यमकांसाठी हे त्रिकूट १९८० पासून ओळखलं जात होतं.

आल्या आल्या त्याने बिझी बीचं नाव घेतलं आणि तुझं ते बा-डिडी-बा जरा बाजूला ठेव, म्हणून सुनावलं.

कोकणातला शक्ती-तुरा, म्हणजे दोन शाहिरांचा गाण्यातला सामना, पाहिलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. तिथेही बारी रंगते ती समोरच्या शाहिराला डिवचण्यात, त्याने टाकलेलं कोडं सोडवून त्याच्यावरच उलटवण्यात. मो डीने तेच केलं. दर पार्टीला तीच रास, तीच यमकं, असं म्हणत त्याने बिझी बीची हुकमी हत्यारं एकेक करून काढून घेतली. आणि मग वर्मावर बोट ठेवलं: नावसुद्धा तू लव्हबगकडून ढापलंस! लव्हबग स्टारस्की हे तिथल्या पार्ट्यांमधलं आधीचं गाजलेलं नाव. 'स्टारस्की' कुठून आलं, हे ऐकणाऱ्यांना वेगळं सांगावं लागलं नाही.

कॅसेटवरची ही जागा मी कितीदा तरी मागे नेऊन ऐकली आहे. यमक पडतं आणि हॉल फुटतो. थोड्या वेळापूर्वी हीच माणसं 'म्हणा' म्हटलं की म्हणत होती. आता त्यांना ओरडा असं कुणी सांगत नव्हतं. शब्द कळला, घाव बसलेला दिसला, म्हणून ती ओरडत होती. त्या रात्रीतलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच.

ती फीत हातोहात फिरली. एका कॅसेटवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, दर वेळी खरखर थोडी वाढलेली. एमसी, म्हणजे माईकवर रॅप म्हणणारा, लिहितो कसा, हे विचारणाऱ्यांचं बळ वाढलं. गर्दी नाचवता येणं पुरेसं राहिलं नाही.

बिझी बी यानंतर संपला, असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे. १९८३च्या 'वाइल्ड स्टाइल' चित्रपटात तो बिझी बी म्हणूनच दिसतो, माईक हातात घेऊन. मो डी पुढे एकटा गाऊ लागला आणि एल एल कूल जे या रॅपरशी त्याने रेकॉर्डींवरून उघड वैर घेतलं.

फीत पुन्हा लावूया. या वेळी मो डीचा आवाज जरा मागे राहू द्या आणि त्याच्या पलीकडचे आवाज ऐका.

(खट्ट. खरखर. एक यमक. आणि हॉल.)