नळीवरचं नाव शेवटी वाचा

मित्रहो, जुनं चकमकीचं पिस्तूल हाती आलं की नजर आधी नळीवर कोरलेल्या नावाकडे जाते. ते नाव शेवटी वाचावं, असं माझं मत आहे.

त्याआधी नळी ठासलेली नाही ना, ते पाहा. एक लाकडी काठी तोंडातून आत सरकवा, तोंडाशी खूण करा आणि तीच काठी नळीला बाहेरून लावून धरा. तिचं टोक कानाच्या, म्हणजे बत्तीच्या छिद्राच्या, जवळ यायला हवं. अलीकडेच अडलं तर आत काहीतरी आहे. काळी दारू कोरडी राहिली असेल तर दोनशे वर्षांनीही पेटते. असं पिस्तूल थेट जाणकाराकडे द्या.

आता कळ, म्हणजे बार उडवणारी यंत्रणा, पाहू. फ्रान्समध्ये सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ती घडली; श्रेय लिझ्यू गावच्या मारँ ल बुर्जुआला देतात. घोड्याच्या, म्हणजे चाप ओढल्यावर पुढे झेपावणाऱ्या भागाच्या, जबड्यातली गारगोटी पोलादी झडपेवर आपटते, ठिणग्या कानाबाहेरच्या वाटीतल्या रंजकावर, म्हणजे पेटवणीच्या चिमूटभर दारूवर, पडतात आणि ज्वाळा कानातून नळीत शिरते. दोन शतकं हेच चाललं. १८०७ मध्ये अलेक्झांडर फोर्साइथने ठोक्याने पेटणाऱ्या मिश्रणाचं पेटंट घेतलं, पुढे तसं मिश्रण भरलेली तांब्याची छोटी टोपी आली आणि कित्येक उत्तम पिस्तुलं टोपीवर चालतील अशी बदलून घेतली गेली. आज चकमकीला जास्त भाव आहे, म्हणून त्यातलीच काही पुन्हा उलटी, चकमकीवर, बदलली जातात. पाहणाऱ्याने सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो इथे.

कानाभोवती पाहा. रंजक पेटून पेटून तिथलं लोखंड खडबडीत होतं, वाटीजवळचं लाकूडही करपतं. नळी तिथे गुळगुळीत आणि छिद्र कोरं दिसलं, तर आधीचं भोक बुजवून नवं पाडलं असण्याची शक्यता मोठी. झडपेवर गारगोटीचे उभे ओरखडे आहेत का? कळीच्या पट्टीवर भरून काढलेली स्क्रूची भोकं दिसतात का? कळ आतून पाहायला मिळाली तर कारागिरांनी सुट्या भागांवर कोरलेल्या जुळणीच्या खुणा तपासा. एखाद्याच भागावर ती नसेल तर तो भाग नंतर आलेला असू शकतो. मला या खुणा नक्षीपेक्षा प्रिय आहेत. त्या कोरणाऱ्या हातांचं नाव कुठेच लिहिलेलं नसतं.

यानंतर चाचणीचे शिक्के, म्हणजे नळी बार सोसते हे तपासल्यावर तिच्यावर उमटवलेल्या खुणा. लंडनच्या बंदूककारांच्या मंडळाला १६३७ मध्ये सनद मिळाली. मुकुटाखाली व्ही आणि मुकुटाखाली जीपी ही त्यांची ओळख. बर्मिंगहॅमचं चाचणीगृह १८१३ चं. त्यामुळे नळीवर ‘लंडन’ कोरलेलं आणि शिक्के बर्मिंगहॅमचे, असं दिसलं तर दचकू नका; बर्मिंगहॅमचे कारागीर विक्रीसाठी सर्रास तसं कोरत. बेल्जियममधल्या लिएजचा शिक्का म्हणजे लंबवर्तुळात ईएलजी. त्यावर मुकुट असेल तर चाचणी १८९३ नंतरची, मग पिस्तूल कितीही जुनं भासो.

आणि एक विनंती. गंज दिसला म्हणून लोखंडी काथ्या किंवा पॉलिश घेऊन बसू नका. जुन्या लोखंडावरची ती तपकिरी साय एकदा घासली गेली की परत येत नाही, आणि उथळ कोरलेले शिक्केही तिच्याबरोबर जातात. मऊ कापड आणि थोडं तेल पुरे.

एवढं सगळं पाहून झालं की मग नाव वाचा.